परकीय मदतीने शांतता येते का? नेपाळच्या अनुभवावरून एक उत्तर

संघर्षातून बाहेर पडणाऱ्या देशाला मिळणारी परकीय मदत तिथे शांतता आणि विकास रुजवण्यास खरोखर उपयोगी पडते, की मधल्यामध्ये जिरून जाते, असा प्रश्न आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारला आहे. भारत आता स्वतः मदत देणाऱ्या देशांत गणला जात असल्याने आपण यातून काय घ्यावे, हा तिचा दुसरा प्रश्न आहे. या विषयावर सरसकट बोलणारे पुष्कळ भेटतात आणि दोन्ही बाजूंनी भेटतात. मी फक्त नेपाळपुरते उत्तर देतो, कारण माझ्या कामाचा मोठा काळ तिथल्या ग्रामीण विकास कार्यक्रमांची पाहणी आणि मूल्यमापन करण्यात गेला आहे. माझे मत थोडक्यात असे आहे की, शांतता तिथल्या पक्षांनाच आपसात करावी लागते, ती पैसे देऊन आणता येत नाही. मात्र युद्ध चालू असताना सामान्य माणसाचे जगणे अगदीच मोडून पडू नये एवढी तजवीज मदतीतून होऊ शकते, आणि तह झाल्यावर त्यात दिलेली वचने वेळेवर पाळण्याचा खर्च तिला उचलता येतो. ही दोन कामे नेपाळमध्ये मदतीने बऱ्यापैकी केली. त्यापलीकडे जाऊन तिने जे करायला घेतले, त्यातले बरेचसे फसले.

सुरुवात युद्धाच्या आधीपासून करावी लागेल. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी रोल्पा, रुकुम आणि सिंधुली जिल्ह्यांतल्या पोलीस चौक्यांवर हल्ले करून आपले ‘जनयुद्ध’ पुकारले. गोरखा जिल्ह्यात त्याच दिवशी त्यांनी कृषी विकास बँकेच्या लहान शेतकऱ्यांसाठीच्या कार्यालयावर चाल करून कर्जाचे कागद जाळले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांची खतपत्रे जाळणाऱ्या शेतकऱ्यांची आठवण मराठी वाचकाला इथे झाल्याशिवाय राहणार नाही. रोल्पा आणि रुकुम हे जिल्हे तेव्हाच्या राप्ती अंचलात, म्हणजे प्रशासकीय विभागात, मोडत, आणि याच अंचलात १९८० पासून पंधराएक वर्षे अमेरिकेच्या मदतीने एकात्मिक ग्रामीण विकासाचा एक मोठा प्रकल्प चालला होता. ज्या मुलखात विकासाचा पैसा इतकी वर्षे येत होता, तिथेच बंडाची पहिली ठिणगी पडावी, ही गोष्ट मदतीचे नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घेण्यासारखी आहे. मदतीमुळे युद्ध पेटले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्या प्रकल्पाने बियाणे, रस्ते, जंगलांची देखभाल यांवर खर्च केला, आणि डोंगरातल्या मगर जमातीच्या शेतकऱ्याची खरी तक्रार वेगळीच होती. १९७० च्या दशकात गांजा-चरसवर बंदी आल्यापासून त्याच्या हातातले नगदी पीक गेले होते, सरकारी कचेरीत त्याच्या भाषेला किंमत नव्हती आणि काठमांडूच्या सत्तेत त्याला वाटा नव्हता. यांपैकी कशालाही हात न लावता खर्च झालेल्या पैशाने रस्त्यालगतची गावे थोडी सुधारली आणि वरच्या गावांना आपण मागे राहिल्याचे अधिक स्पष्ट दिसू लागले.

२००१ च्या जूनमध्ये राजवाड्यातले हत्याकांड झाले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आणीबाणी पुकारून सैन्य बाहेर काढण्यात आले आणि युद्ध खऱ्या अर्थाने देशभर पसरले. या काळात मदतीपुढचा पहिला प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातला होता: गावात जायचे कसे? माओवादी प्रत्येक प्रकल्पाकडे ‘चंदा’ मागत, आपल्या ‘जनसरकार’कडे नोंदणी करा म्हणत; दुसरीकडे सैन्याला प्रकल्पाच्या गाड्या हव्या असत आणि माओवाद्यांच्या भागात काम करणारा प्रत्येक जण त्यांना संशयित वाटे. यावर २००३ मध्ये नेपाळमधल्या बहुतेक मोठ्या देणगीदारांनी मिळून कामाचे मूलभूत नियम तयार केले. कोणत्याही सशस्त्र पक्षाला रोख किंवा वस्तूरूपात काही दिले जाणार नाही, प्रकल्पाच्या गाडीत हत्यारबंद माणूस बसणार नाही, माणसे निवडताना जात, पक्ष, धर्म पाहिला जाणार नाही, आणि हे नियम मोडण्याची वेळ आली तर त्या भागातले काम थांबेल, असा त्यांचा आशय होता. नेपाळी भाषेत छापलेली ती पत्रके कचेरीच्या भिंतीवर आणि जीपच्या काचेवर चिकटवलेली असत. कागदाच्या तुकड्याने बंदूक अडत नाही, हे खरेच. पण त्या पत्रकामुळे तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला सांगायला एक उत्तर मिळाले: नियम मी केलेला नाही, मी मोडू शकत नाही, आणि मोडला तर तुमच्या गावचा पाण्याचा नळ थांबेल. सगळे देणगीदार एकाच नियमावर उभे राहिल्याने एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळवण्याची वाट बंद झाली. एकेका संस्थेने गुपचूप तडजोड केली असती, तर ही पत्रके महिनाभरही टिकली नसती.

युद्धाच्या दहा वर्षांतल्या आकड्यांकडे पाहिले तर एक विचित्र गोष्ट दिसते. १९९६ मध्ये नेपाळमध्ये दर एक लाख जन्मांमागे ५३९ माता दगावत होत्या. २००६ च्या पाहणीत हा आकडा २८१ वर आला. दारिद्र्यरेषेखालच्या लोकांचे प्रमाण १९९५-९६ मध्ये सुमारे ४२ टक्के होते, ते २००३-०४ मध्ये सुमारे ३१ टक्क्यांपर्यंत उतरले. हे सगळे भर युद्धात! दारिद्र्याच्या बाबतीत श्रेय मदतीला देण्याचा मोह देणगीदारांच्या अहवालांना होतो, पण तो आकडा मुख्यतः परदेशी गेलेल्या नेपाळ्यांनी घरी धाडलेल्या पैशाने खाली आणला. युद्धाच्या भीतीने आणि बेकारीने कंटाळून लाखो तरुण मलेशियात, आखातात आणि भारतात गेले. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये रात्रपाळी करणारे अछाम, बाजुरा, डोटीकडचे पुरुष याच प्रवाहातले आहेत, आणि त्यांनी पाठवलेला पैसा कोणत्याही देणगीदाराच्या अंदाजपत्रकात दिसत नसला तरी डोंगरातल्या घराची चूल त्यावरच पेटत होती. पुढे तर परदेशातून येणारी ही कमाई देशाच्या सकल उत्पन्नाच्या पाव हिश्शाच्या आसपास पोहोचली. मदतीच्या कुठल्याही चर्चेत हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले नाही, तर आपण मदतीला नसलेले मोठेपण देऊन बसतो.

आरोग्याचे मात्र तसे नाही. तिथे मदतीचा वाटा खरा आहे आणि तो कसा लागू पडला हे पाहण्यासारखे आहे. १९८८ पासून नेपाळने गावोगाव महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविका नेमायला सुरुवात केली. पुढे त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. आपल्याकडच्या आशाताईंची योजना २००५ ची, हे लक्षात घेतले म्हणजे शेजाऱ्याने किती आधी ही वाट धरली ते कळते. या बायकांचे प्रशिक्षण, औषधे, अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल यांचा खर्च परदेशी मदतीतून येई, पण बाई त्याच वॉर्डातली, मतदानाला त्याच शाळेत जाणारी, कोणाच्या घरी दुखणेकरी आहे हे न सांगता ओळखणारी असे. वर्षातून दोनदा, वैशाखात आणि कार्तिकात, पाच वर्षांखालच्या मुलांना अ जीवनसत्त्व देण्याचा दिवस येई, तेव्हा माओवाद्यांच्या ताब्यातल्या गावांतही ती पिशवी खांद्याला लावून निघे. डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी पळून आले होते, ग्रामसचिव पळाले होते, पोलीस चौक्या ओस पडल्या होत्या. ही बाई पळाली नाही, कारण तिचे घरच तिथे होते. माओवाद्यांनाही तिच्या कामात अडथळा आणून काही मिळण्यासारखे नव्हते. त्यांची मुलेही त्याच रांगेत होती.

झुलत्या पुलांची कथा याच जातीची आहे. डोंगरी नेपाळमध्ये नदी ओलांडायला पूल नसला की शाळा, बाजार आणि दवाखाना पावसाळ्याचे चार महिने पैलतीरावर राहतात. स्वित्झर्लंडने १९६० च्या दशकापासून या पुलांसाठी तांत्रिक आणि आर्थिक साहाय्य दिले, आणि आज अशा पुलांची संख्या सात हजारांहून अधिक आहे. पूल ठेकेदाराऐवजी गावाच्या उपभोक्ता समितीने बांधायचा. दगड, वाळू, अंगमेहनत गावाची. दोर, लोखंडी सामान आणि अभियंता बाहेरचा, अशी पद्धत पुढे रूढ झाली. पोलादी दोराचे भेंडोळे गाडीरस्ता संपतो तिथे उलगडतात आणि मग पंधरा-वीस माणसे एकामागे एक उभी राहून, प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक वेटोळे घेऊन, एकाच लयीत पाऊल टाकत डोंगर चढतात. मधला एक जण अडखळला तर सगळी रांग थांबते. काम सुरू होण्यापूर्वी, मध्यावर आणि संपल्यावर सगळ्या गावापुढे जमाखर्च वाचून दाखवणे बंधनकारक असे. शाळेच्या आवारात सतरंजी टाकून लोक बसत, समितीचा सचिव वही वाचत असे आणि मागच्या रांगेतून प्रश्न येत: सिमेंटच्या गोणी अमुक आल्या म्हणता, मग वापरल्या त्याहून कमी का दिसतात? दोर वाहणाऱ्या दलित हमालांची मजुरी इतरांपेक्षा कमी का लागली? मी अशा बैठका पाहिल्या आहेत, आणि काही ठिकाणी सचिवाला घाम फुटलेलाही पाहिला आहे. ठेकेदाराकडून टक्केवारी वसूल करणे माओवाद्यांना सोपे होते, कारण ती वसुली कोणाला दिसत नसे. जो हिशेब सगळ्या गावाने ऐकला आहे, त्यातून हिस्सा मागणे म्हणजे गावाच्या खिशात हात घालणे होते. म्हणूनच युद्ध चालू असतानाही पूल होत राहिले.

आता तहाकडे वळू. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हाती घेतली, तेव्हा भारत, ब्रिटन आणि अमेरिकेने लष्करी मदत रोखली आणि काही देशांनी विकासाचीही मदत आवरती घेतली. मदत थांबवणे हाही मदतीच्या धोरणाचाच एक भाग असतो, आणि त्या वेळी त्याचा उपयोग झाला. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला सात पक्ष आणि माओवादी यांच्यात दिल्लीत बारा कलमी समझोता झाला, २००६ च्या एप्रिलमध्ये जनआंदोलनाने राजाला माघार घ्यायला लावली आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते प्रचंड यांनी सर्वंकष शांतता करारावर सह्या केल्या. या प्रवासात निर्णायक असे जे काही घडले, ते रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी आणि वाटाघाटी करणाऱ्या पुढाऱ्यांनी घडवले. देणगीदार फार तर दार उघडे धरून उभे होते.

करार झाल्यानंतरचे काम मात्र पैशाशिवाय होण्यासारखे नव्हते. माओवाद्यांचे सैन्य सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत आणायचे, त्यांची हत्यारे कुलूपबंद करायची, तेवढीच हत्यारे नेपाळी सैन्यानेही बाजूला ठेवायची आणि या सगळ्यावर संयुक्त राष्ट्रांनी देखरेख करायची, असे ठरले. त्यासाठी २००७ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांची विशेष मोहीम स्थापन झाली आणि इयन मार्टिन तिचे प्रमुख झाले. शांतिसेना आलीच नाही; आले ते निःशस्त्र निरीक्षक. प्रत्येक मुख्य छावणीत लोखंडी कंटेनर ठेवण्यात आले, त्यांची किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे राहिली, आणि संयुक्त राष्ट्रांनी त्यावर दिवे, कॅमेरे आणि भोंगा बसवला: किल्ली कोणाकडेही असो, दार उघडले की जगाला कळेल. ३,४७५ हत्यारे अशा रीतीने नोंदली गेली. परक्या फौजेपुढे हत्यार टाकल्याची मानहानी कोणाच्याही वाट्याला आली नाही आणि खर्चही इतर देशांतल्या मोहिमांच्या मानाने कमी झाला. ही कल्पना मला या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत शहाणपणाची वाटते.

छावण्यांमधले राहणे, भत्ते, पाणी, दवाखाना, विस्थापितांचे परतणे, मृतांच्या कुटुंबांना अंतरिम मदत, निवडणुकीची तयारी यांसाठी नेपाळ सरकारने २००७ मध्ये शांतता निधी स्थापन केला. ब्रिटन, नॉर्वे, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, फिनलंड, जर्मनी, युरोपीय संघ यांनी त्यात पैसे घातले, पण निम्म्याहून अधिक वाटा नेपाळ सरकारचा स्वतःचा होता. निधी सरकारच्या तिजोरीतून, सरकारच्या हिशेबपद्धतीने खर्च होत असल्याने तो हळू चाले आणि देणगीदारांचे अधिकारी त्यावर सतत कुरकुर करत. मला ती कुरकुर अर्धीच पटते. शांततेचा करार सरकार आणि माओवादी यांच्यात होता. भत्त्याचे पाकीट सरकारकडून येणे हा त्या कराराचाच भाग होता. एखाद्या परदेशी संस्थेने तोच भत्ता दुप्पट वेगाने वाटला असता, तर छावणीतल्या मुलाच्या लेखी त्याच्याशी करार करणारे राज्य कुठेच दिसले नसते. जर्मन साहाय्याने आणखी एक शहाणपण दाखवले: छावणीत पाणी आणि दवाखाना देताना शेजारच्या गावांनाही त्यात घेतले, त्यामुळे बंदूकवाल्यांना बक्षीस आणि आम्हाला काहीच नाही, ही गावकऱ्यांची भावना बऱ्याच अंशी निवळली.

याच ठिकाणी मोठी चूकही झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ जण लढवय्ये म्हणून पात्र ठरले आणि ४,००८ जण अपात्र ठरले. या अपात्रांत २,९७३ जण भरती झाले तेव्हा अल्पवयीन होते, उरलेले युद्धविरामानंतर सामील झालेले. खरे तर अल्पवयीनांना ताबडतोब सोडायला हवे होते, पण माओवादी आणि सरकार यांच्या ओढाताणीत ते २०१० च्या सुरुवातीपर्यंत छावण्यांतच अडकले. मग बाहेर पडताना संयुक्त राष्ट्रांनी त्यांना रोख रक्कम न देता शिलाई, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, शालेय शिक्षण अशा पर्यायांतून एक निवडायला सांगितले. चौदाव्या वर्षी बंदूक हाती घेतलेली मुलगी आता विशीत होती, लग्न झालेली, कडेवर मूल असलेली. तिला ‘अपात्र’ असा शिक्का मारून सहा महिन्यांचे प्रशिक्षण देणे हे वरातीमागून घोडे होते. यातल्या अनेकांनी पुढे वर्षानुवर्षे भरपाईसाठी आंदोलने केली. पात्र ठरलेल्यांना २०११ च्या सात कलमी करारानंतर तीन वाटा मिळाल्या: सैन्यात समावेश, पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन स्वेच्छानिवृत्ती, किंवा प्रशिक्षणासह पुनर्वसन. शेवटी चौदाशेच्या आसपास लोक सैन्यात गेले, पंधरा हजारांहून अधिक जणांनी रोख रक्कम घेतली आणि देणगीदारांनी मोठ्या मेहनतीने आखलेले पुनर्वसन निवडणारे निघाले फक्त सहा. आठ लाख नेपाळी रुपये म्हणजे पाच लाख भारतीय रुपये. कोणी तराईत घरापुरती जागा घेतली, कोणी आखातात जाण्यासाठी दलालाला दिले. माणसाला आपल्या पैशाचे काय करायचे हे कळते, यावर मदत देणाऱ्यांचा विश्वास बसायला फार वेळ लागतो.

पैसा जिरला का, तर जिरलाही. २०११ च्या अखेरीस छावण्यांत पुन्हा मोजणी झाली तेव्हा सतराच हजारांच्या आसपास लोक हजर होते. मधल्या काळात निघून गेलेल्यांच्या नावावरचा भत्ता कोणी उचलला, यावरून माओवादी नेतृत्वावर आरोप झाले. त्याहून खोल पोखरणी स्थानिक पातळीवर झाली. १९९७ मध्ये निवडून आलेल्या स्थानिक संस्थांची मुदत २००२ मध्ये संपली आणि त्यानंतर २०१७ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, नेपाळमध्ये निवडून आलेला सरपंच नव्हता. तहानंतर देणगीदारांच्या साहाय्याने गाव विकास समित्यांना थेट जाणारे अनुदान वाढले. सही सरकारी सचिवाची आणि निर्णय सर्वपक्षीय यंत्रणेचा, असा प्रकार होता. ही यंत्रणा म्हणजे गावातले तीन-चार पक्षांचे पुढारी एकत्र बसून रस्ता तुला, शाळेची खोली मला, अशी वाटणी करत. विरोधी पक्ष उरलाच नव्हता, त्यामुळे विचारणारे कोणी नव्हते. कुंपणानेच शेत खाल्ले. अखेर २०१२ च्या जानेवारीत ही यंत्रणा बरखास्त करावी लागली. देणगीदारांना हे दिसत नव्हते असे नाही. पण करार टिकवायचा तर पक्षांना सांभाळून घ्यावे लागेल, असा सोयीचा युक्तिवाद ते करत राहिले आणि स्थानिक निवडणुकांचा आग्रह धरण्याची वेळ टळत गेली. माझ्या मते नेपाळमधल्या मदतीचे हे सर्वांत मोठे अपयश आहे.

दुसरे अपयश न्यायाचे. मानवाधिकार उच्चायुक्तांच्या अहवालानुसार युद्धात सुमारे १३,००० माणसे मारली गेली आणि १,३०० बेपत्ता झाली. सरकारी आकडा मृतांची संख्या १७,००० च्या आसपास धरतो. मृतांच्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांना सुरुवातीला एक लाख आणि टप्प्याटप्प्याने वाढवत दहा लाख नेपाळी रुपये मिळाले. मात्र छळ झालेले आणि बलात्कार सोसलेल्या स्त्रिया या अंतरिम मदतीतून वगळल्या गेल्या. सत्यनिरूपण, म्हणजे युद्धातल्या अत्याचारांचा शोध, आणि बेपत्ता व्यक्ती यांसाठीचे दोन आयोग स्थापन व्हायला २०१५ उजाडले. मूळ कायद्यात गंभीर गुन्ह्यांनाही माफी देण्याची वाट असल्याने संयुक्त राष्ट्रांनी आयोगांना साहाय्य करण्यास नकार दिला, आणि तो योग्यच होता. साठ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, आयोगांच्या मुदती वाढत गेल्या, आणि कायद्यातली दुरुस्ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली. दोन्ही बाजूंचे पुढारी आलटूनपालटून सत्तेत असताना चौकशी कोणालाच नको होती, हे त्याचे साधे कारण आहे. अशा वेळी मदतीला करता येण्यासारखे एकच काम उरते, ते म्हणजे पीडितांच्या संघटना आणि कागदपत्रे जिवंत ठेवणे. आणि ते काम काही छोट्या देणगीदारांनी खरोखर केले.

वंचित समूहांच्या संघटनांना राजकीय बळ देण्याचा प्रयत्नही याच काळात झाला. हेतू चांगला होता, पण नेपाळच्या आदिवासी जनजातींच्या महासंघाने बंद पुकारल्यावर २०११ मध्ये ब्रिटनने त्याचा निधी बंद केला आणि त्यातून मदत घेणारे व देणारे दोघेही बदनाम झाले. संविधानाचा आराखडा कसा असावा, या वादात परक्या पैशाने शिरू नये, असे मी यावरून मानतो. त्याच संघटनेने चालवलेले वसतिगृह किंवा मातृभाषेतली शाळा यांना पैसे देण्यात काही अडचण आली नसती.

आता भारताबद्दल. नेपाळमध्ये आपली मदत जुनी आहे. १९५० च्या दशकात काठमांडूला तराईशी जोडणारा त्रिभुवन राजपथ भारताने बांधला आणि धरानचे बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान प्रतिष्ठान भारताच्याच साहाय्याने उभे राहिले. २००३ पासून भारतीय दूतावास शाळा, दवाखाने, पूल अशा छोट्या कामांना थेट अनुदान देत आला आहे. युद्धाच्या काळात या कामांचा वेग आणि साधेपणा उपयोगी पडला. २०१५ च्या भूकंपानंतर गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत पन्नास हजार घरांसाठी भारताने अनुदान दिले. पैसे घरमालकाच्या हाती हप्त्याने आणि बांधकाम त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली, ही पद्धत चांगली होती आणि ती कामे पूर्णही झाली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात, नेपाळने संविधान जाहीर केल्यानंतर काही दिवसांतच, सीमेवर इंधन आणि औषधे अडकून पडली. आंदोलन तराईतल्या मधेशी लोकांचे होते आणि आपण नाकेबंदी केलेली नाही, असे दिल्लीने सांगितले. नेपाळी माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही. गॅसची टाकी मिळत नाही म्हणून लाकडे फोडून चूल पेटवणाऱ्या काठमांडूच्या बाईला भारताने किती घरे बांधून दिली, हे सांगून उपयोग नव्हता. मदतीने कमावलेला सद्भाव परराष्ट्र धोरण किती लवकर घालवू शकते, याचे इतके जवळचे उदाहरण आपल्याला दुसरे मिळणार नाही.

२०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानुसार दूतावासाच्या अशा छोट्या कामांची मर्यादा पाच कोटींवरून वीस कोटी नेपाळी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली, आणि परक्या दूतावासाने सरकारला वळसा घालून गावात पैसे वाटावेत का, अशी टीका काठमांडूत लगेच झाली. टीका करणाऱ्यांतले काही जण केवळ भारतविरोधी होते, हे मान्य करूनही मुद्दा खरा आहे. २०१७ पासून नेपाळमध्ये निवडून आलेल्या ७५३ स्थानिक संस्था आहेत. त्यांना वळसा घालण्याचे जे कारण युद्धकाळात होते, ते आता उरलेले नाही. आपला पैसा त्यांच्या अंदाजपत्रकातून जावा, काम त्यांनी ठरवावे आणि आपण फक्त एवढीच अट घालावी की, जमाखर्च शाळेच्या आवारात सगळ्यांपुढे वाचला जाईल. यात कामाच्या कोनशिलेवर राजदूताचे नाव लहान अक्षरांत येईल किंवा येणारही नाही, आणि आपल्या अधिकाऱ्यांना नेमके तेच सर्वांत जड जाईल, असा माझा अंदाज आहे.